रुसूबाईची समजूत

प्रिय ठमे,

तुझं पाकीट मिळालं. आत कंपनीच्या नव्या नावाच्या समारंभाची निमंत्रणपत्रिका, गुलाबी टोपी आणि त्या दोन वेण्यांच्या बाईचं चित्र असलेला कप, तोही तीन थर कागदात गुंडाळलेला. कप वाटेत फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं. टोपी शेजारच्यांच्या नातीला द्यायला गेलो, तर तिच्याकडे आधीच दोन आहेत. तू फोनवर तीनदा विचारलंस, बाबा, शुक्रवारी येताय ना, आणि मी तीनदा डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. आता सरळ सांगतो, मी येणार नाही. त्या स्टेजवर तर नाहीच नाही. का येणार नाही ते फोनवर सांगता आलं नसतं, कारण तू मध्ये बोलतेस, मी चिडतो, आणि चिडलो की नको ते बोलून बसतो आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला. सावकाश वाच, आणि ऑफिसात बसून वाचू नकोस.

आज तू जिथे नोकरी करतेस त्या कंपनीत मी चौतीस वर्षं काढली, त्यातली अठरा लिफ्ट दुरुस्त करण्यात. कंपनीचं खरं नाव आज कोणाला विचारलंस तर सांगता येणार नाही. बापाचं नाव, मग मुलाचं नाव, मग ‘आणि मंडळी’, असं पितळी पाटीवर कोरलेलं असायचं आणि आम्ही ते दर महिन्याला चिंचेच्या पाण्याने घासायचो. लोक मात्र आमच्या लिफ्टला रुसूबाईच म्हणत. त्या नावाचा कंपनीला किती राग होता हे तुला ठाऊक नाही. हजेरीच्या टेबलामागे नोटीस लावलेली होती की कंपनीच्या मालाचा उल्लेख कोणी टोपणनावाने केला तर त्याच्यावर कारवाई होईल. एकदा मी सवयीने कामाच्या वहीत लिहून गेलो, ‘रुसूबाई, चौथा मजला, दोन माणसं बाहेर काढली.’ मोठ्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं करून झापलं आणि ती ओळ माझ्याच हाताने खोडायला लावली. आता त्या साहेबांचा मुलगा गुलाबी कोट घालून टीव्हीवर सांगतो की लोकांनी प्रेमाने दिलेलं नाव आम्ही मनापासून स्वीकारलं.

प्रेमाने म्हणे. अगं, ती शिवी होती. तुझ्या आईच्या तोंडून निघाली तेव्हा नव्हती, पण लोकांच्या तोंडी जाईपर्यंत शिवीच झाली होती. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये अर्धा तास लटकलेला माणूस दातओठ खात जे म्हणतो ते प्रेम नसतं. दार खराब, दोर जुने, सुटा भाग मागितला तर चार महिने पत्ता नाही, आणि वर बिल वेळेवर. एवढं सगळं त्या एका शब्दात लोकांनी भरलं होतं. कंपनीने ती शिवी उचलली, धुतली, इस्त्री केली आणि अंगात घातली. आता कोणी चिडून रुसूबाई म्हणालं तरी कंपनीची जाहिरातच होते. माणसाजवळ तक्रार करायला एक शब्द होता, तोही यांनी नेला. मला त्या मोठमोठ्या फलकांखालून जायला नको वाटतं, म्हणून बाजारात जाताना हल्ली मी मागच्या गल्लीने जातो.

आणि लोक. लोकांचं तर काय सांगू. नवं नाव लागलं तेव्हा पहिला आठवडा सगळं गाव भांडत होतं. मला वाटलं, चला, कोणाला तरी चीड आली. कान देऊन ऐकलं तर भांडण कशावरून, तर त्या चित्रातल्या बाईला एक वेणी हवी होती की दोन. रंग फार भडक झालाय का. जुनी पितळी पाटी किती भारदस्त होती. लिफ्ट अडकते त्याचं काय, हे एकानेही विचारलं नाही. मग गाणं आलं, कप आले, पोरींच्या हातात बाहुल्या आल्या आणि सगळे विरघळले. आपल्या जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मास्तर तुला आठवतात, ज्यांनी लिफ्टबद्दल कंपनीला चौदा पत्रं लिहिली आणि चौदाही पत्रांच्या नकला फाइलला लावून ठेवल्या? परवा ते गुलाबी टोपी घालून फिरायला निघाले होते. मी टोपीकडे पाहिलं तर ओशाळून म्हणाले, फुकट वाटत होते हो, आणि ऊन लागतं. चौदा पत्रांचं मोल एक टोपी. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण शिसारी आली.

आता तुझ्याकडे वळतो. तू मला किती आनंदाने सांगितलं होतंस की साहेबलोकांच्या बैठकीत नव्या नावासाठी कोणालाच काही सुचत नव्हतं, तेव्हा तू उठलीस आणि तू सहा वर्षांची असतानाची गोष्ट सांगितलीस. एका बाईंनी डोळे पुसले, आणि त्याच दिवशी ते नाव ठरलं. ती गोष्ट मलाही तोंडपाठ आहे. तू आणि आई शाळेतून येत होतात, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लिफ्ट थांबली आणि दिवा गेला. तू भोकाड पसरलंस. आईने तुला कडेवर घेतलं, एवढी घोडी असूनही, आणि कानात सांगितलं की रुसूबाई रुसलीय. ओरडायचं नाही हं, ओरडलं की ती अजून रुसते. आपण दोघी तिची समजूत काढू या. मग तुम्ही दोघींनी तिला काय काय कबूल केलंत. तिच्या भिंतीला चिकटलेलं च्युइंगगम काढू, तिच्यात उड्या मारणार नाही, दार आपटणार नाही. वीस मिनिटांनी मी हत्यारांची पेटी घेऊन धावत आलो आणि दार उघडलं, तर तू मला दटावलंस की हळू बोला, ती आत्ताच कुठे हसलीय.

ते नाव इमारतीच्या बाहेर कोणी नेलं? मी. दुसऱ्या दिवशी कारखान्यात डबा खाताना सगळ्यांना सांगितलं आणि पोट धरधरून हसलो. मेकॅनिक लोक दिवसाला सात इमारती फिरतात. महिन्याभरात तो शब्द गावभर झाला. तेव्हा मला अभिमान वाटायचा. बायकोचं नाव कोणाला माहीत नसलं तरी बायकोचा शब्द सगळ्यांना माहीत होता. म्हणजे या घाणीची पहिली बादली मीच ओतली, हे आधी कबूल करतो.

आता गेल्या महिन्यात काय झालं ते सांगतो. तुला मी फक्त डोळे दाखवून आलो एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरांचा दवाखाना पाचव्या मजल्यावर. लिफ्ट आपल्याच कंपनीची, आणि मी दहा वर्षांचा असेन तेव्हापासूनची म्हटलं तरी चालेल, इतकी जुनी. बाहेरून नवा गुलाबी रंग, आत ती वेण्यांची बाई. आम्ही सहाजण होतो. चौथ्याच्या हातभर वर ती थांबली. मी मनात म्हटलं, हे नेहमीचंच. आणि छतातून एका बाईचा आवाज आला, साखरेत घोळलेला. रुसूबाई रुसलीय. ओरडू नका हं, ओरडलं की ती अजून रुसते. चला, आपण सगळे तिची समजूत काढू या.

ठमे, मी कठड्याला धरलं. ते तुझ्या आईचे शब्द होते, एकामागून एक, जसेच्या तसे, ‘हं’सकट. आवाज तेवढा परका होता. आणि माझ्याबरोबरचे लोक हसत होते. एकाने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. एका मुलीला पुन्हा ऐकायचं होतं म्हणून ती मदतीची घंटा दाबत राहिली, कारण घंटा दाबली की आता घंटा वाजत नाही, ते वाक्य वाजतं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की अडकलात तर घंटा दाबा, दार ठोका, मोठ्याने ओरडा, लाजू नका. आणि ही लिफ्ट माणसाला सांगते की ओरडू नका. कोपऱ्यात एक गरोदर बाई होती, घामाने चिंब. तिनेही ओठ ताणून हसण्याचा प्रयत्न केला, कारण सगळे हसत होते. ते हसू बघून मला ओकारी आली. रागाने नाही, खरंच तोंडात आंबट पाणी आलं.

मी जाळीचं दार सरकवलं आणि बाहेरच्या दाराचं कुलूप हाताने वर उचललं. बोटं अजून विसरलेली नाहीत. त्या बाईला आधी उतरवलं, मग बाकीच्यांना. आणि मग दाराच्या कॉन्टॅक्टमागे हात घातला, कारण मला माहीत होतं तिथे काय असणार. होतीच. पुठ्ठ्याची पट्टी. तुला हे समजावून सांगायला हवं. दार नीट लागलं की दोन पितळी तुकडे एकमेकांना टेकतात, तरच लिफ्ट चालते. ते झिजले की टेकत नाहीत आणि लिफ्ट वाटेत थांबते. ते बदलायला हवेत, पण स्टोअरमधून मिळत नसत, म्हणून आम्ही सगळे एक युक्ती करायचो. साबणाच्या खोक्याची पट्टी कापून, दुहेरी घडी करून मागे खोचायची, म्हणजे तुकडा पुढे रेटला जातो. महिनाभर चालतं. कधी आठवड्यात घसरते. वहीत लिहायचं, ‘ठीक’. नवं नाव, नवा रंग, नवं गाणं, आणि मागे तीच साबणाच्या खोक्याची पट्टी. मी ती सगळ्यांना दाखवली. व्हिडिओवाला म्हणाला, काका, ते समजूत काढू या म्हणा ना एकदा, कॅमेऱ्याकडे बघून.

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी तुला मनातल्या मनात इतकं बोललो की विचारू नकोस. आईला विकलंस, म्हणालो. कोटवाल्यांसमोर स्वतःच्या आईची जीभ काढून ठेवलीस, म्हणालो. पंधरा दिवस फोनवर तुझा आवाज ऐकून मला किळस येत होती. बापाने लेकीला हे लिहावं का, माहीत नाही, पण लिहितोय. आणि मग एका दुपारी, भांडी घासता घासता, माझ्या लक्षात आलं की तुझी यात चूक काय? तुझ्याकडे त्या लिफ्टची एकच आठवण आहे आणि ती चांगली आहे. दुसरी आठवण मी तुला दिलीच नाही.

तू एकोणीस वर्षांची होतीस, परीक्षेसाठी हॉस्टेलवर. मी तुला कळवलं की आईला घरी दम्याचा जोराचा झटका आला आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत ती गेली. झटका आला हे खरं. गेली हे खरं. घरी, हे खोटं. ती आपल्या लिफ्टमध्ये होती, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये, पन्नास मिनिटं. खाली कोपऱ्यावरून दूध घेऊन येत होती, म्हणून दम्याचा पंप वर घरात टेबलावर राहिला होता. तिने दार ठोकलं. लोकांनी ऐकलं, ठमे. ऐकलं नाही असं नाही. दुसऱ्या मजल्यावर तिघीचौघी जमल्या आणि बाहेरून तिची थट्टा करत राहिल्या की आता तुम्हीच काढा बाई तिची समजूत, तुम्हीच तर नाव ठेवलंत. आतून ठोकणं थांबलं तेव्हा त्यांना वाटलं, दमली आणि खाली बसली. वॉचमनने कंपनीत फोन केला, तिथे सांगितलं की माणूस निघालाय. तो माणूस मीच होतो, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मला वीस मिनिटांनी निरोप मिळाला. त्या बायका वाईट नव्हत्या. पुढे कित्येक दिवस माझ्याकडे मान वर करून बघत नव्हत्या. पण त्या नावाने त्यांची भीतीच काढून घेतली होती. नुसती ‘लिफ्ट अडकली’ म्हटलं असतं तर कोणीतरी धावलं असतं. रुसूबाई रुसली म्हटल्यावर कोण धावतं?

म्हणून मी दोन महिन्यांत घर बदललं. म्हणून तुला त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही, आणि तू म्हणायचीस, बाबा किती कोरडे आहात, आईच्या घराचा निरोपसुद्धा घेऊ दिला नाहीत. शेजाऱ्यांना हात जोडून सांगितलं होतं की पोरीला कळू देऊ नका. कंपनीने एक पुष्पचक्र पाठवलं आणि मला स्टोअरमध्ये बसवलं, जिथे ते पितळी तुकडे खोक्याखोक्यांनी पडून होते आणि वरून सही आल्याशिवाय एकही बाहेर काढायचा नव्हता. तिथे मी सोळा वर्षं काढली. तू विचारशील की मी तेव्हाच का बोंब मारली नाही, का त्या साहेबांची मानगूट धरली नाही. इथेच सगळं अडलंय, आणि इथवर यायला मला पाच पानं लागली.

आपल्या इमारतीची देखभाल माझ्याकडे होती. आदल्या दिवशी सकाळी मीच त्या दाराला पट्टी खोचली होती. तीन चिठ्ठ्या पाठवून तुकडे मिळाले नव्हते हे खरं आहे, पण लिफ्ट बंद ठेवायचा अधिकार मला होता आणि मी ती बंद ठेवली नाही, कारण मास्तर कुरकुरले असते आणि साहेब बोलले असते. देखभालीच्या कार्डावर ‘ठीक’ लिहिलं आणि सही केली. कंपनीला कोणाला उत्तर द्यायची वेळच आली नाही, माझी सही त्यांच्या हातात होती. आणि अजून एक. मी दार उघडलं तेव्हा पट्टी घसरून चौकटीत पडलेली होती. ती मी उचलून खिशात घातली. तुझ्या आईला उचलण्याआधी की नंतर, हे मला आठवत नाही असं मी अठरा वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवतं. आधी.

हे पत्र मी येणार नाही हे कळवायला लिहिलं असं तुला सुरुवातीला वाटलं असेल. मलाही तसंच वाटत होतं. पण ते त्यासाठी नाही. त्या कार्डाची कार्बन नक्कल माझ्याकडे आहे, ती पट्टीही आहे, आणि दवाखान्यातल्या लिफ्टमधून काढलेली नवी पट्टीही. सोमवारी सकाळी मी तिन्ही घेऊन लिफ्ट इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाणार आहे आणि माझ्या नावाने सगळं लिहून देणार आहे. शुक्रवारच्या तुमच्या समारंभाचं काय होईल, तुझ्या नोकरीचं काय होईल, मला माहीत नाही. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये, पेपरातून तर नकोच, म्हणून आधी तुला लिहिलं. तुझ्याकडे एकच मागतो. नाव राहू दे हवं तर, पण त्या छतातून आईचं वाक्य काढायला लाव. आणि हे वाचून तू माझ्यावर चिडलीस, बोलायची थांबलीस, तर मी तुझी समजूत काढायला येणार नाही. तो हक्क मी घालवलाय. भांडायला यायचं असेल तर ये. रविवारी दिवसभर घरीच आहे. आमच्या इमारतीतही त्यांनी परवा तो आवाज बसवलाय, तेव्हा जिन्याने ये.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा